पवई ते पाउवे : घोड्यापायी दीड एकर घ्यावं का?

पवईकरीण (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही सॅन डिएगोत पीक्यूला (रँचो पेनास्किटोस) राहतो, नऊ वर्षं झाली. घरं इतकी चिकटून की शेजारी फोडणी कसली बसली ते आम्हाला कळतं आणि आमची त्यांना. लेक अकरा वर्षांची. दोन वर्षांपासून शेजारच्या पाउवे (Poway) गावी एका बार्नमध्ये घोडेस्वारी शिकतेय आणि आता घरात दुसरा विषय नाही. त्यात मागच्या आठवड्यात एजंटने पाउवेलाच एक घर दाखवलं. दीड एकर, जुनं एकमजली, मागे दोन स्टॉलचा तबेला, पांढरं कुंपण, कुंपणापलीकडे थेट ट्रेल आणि त्यामागे नुसत्या टेकड्या. नवरा म्हणतो घेऊन टाकू, मुलगी बारावीला जाईपर्यंत घोडा पाळू, मग बघू. मी पवईची, घोडा पाहिला तो माथेरानला, तोही एकदा माझा डबा खाऊन गेलेला. ऑफिस दोघांचं सोरेंटो व्हॅलीत. तर ज्यांना अशा जागेचा अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा, घाबरवलं तरी चालेल.

शेंगदाणा
पवईहून पाउवे! नुसता एक उकार वाढवायला दीड एकर घेताय :-)
लीद कुठे टाकणार ते आधी ठरवा, बाकीचं नंतर.

जुना_पाउवेकर
पवईकरीणताई, मी १९९४ पासून इथे आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पाउवे म्हणजे काय आधी समजून घ्या. शहर म्हणून १ डिसेंबर १९८० ला झालं, ब्रीदवाक्यच 'सिटी इन द कंट्री'. वस्ती जेमतेम ४९ हजार आणि पसारा साधारण ३९ चौरस मैल, म्हणजे भाग लावा, किती ऐसपैस आहे ते कळेल. नाव मूळच्या कुमेयाय लोकांच्या भाषेतलं, 'पाउवाय' असं काहीसं, त्यामुळे तुमच्या पवईच्या जरा जवळचंच म्हणा. त्यांचं एक छोटं सेंटर गावातच टेकडीवर आहे, मुलांना घेऊन जा. पूर्वी इथे द्राक्षमळे होते, कोरडवाहू शेती. १९५४ ला लोकांनी मतदान करून स्वतःचं वॉटर डिस्ट्रिक्ट काढलं, बाहेरचं पाणी आलं, आणि पाण्यामागे घरं आली. आपल्याकडे कॅनॉल आला की ऊस येतो तसं.

तुम्हाला ज्या टेकड्या आवडल्या त्या तशाच का राहिल्या, तर कुणी विकत घेतल्या नाहीत म्हणून नव्हे. १९८८ ला प्रपोझिशन एफएफ हा ठराव गावाच्या मतदानात पास झाला. मोकळी जागा किंवा ग्रामीण झोनिंग बदलून जास्त घरं बांधायची असतील तर कौन्सिलच्या हातात नाही, गावाचं मतदान घ्यावं लागतं. त्यामुळे मागे टेकडी आहे ती बरीच वर्षं टेकडीच राहील, तो भरवसा इथे बराच आहे. शंभर टक्के नाही. स्टोनरिजच्या गोल्फ कोर्सचं उदाहरण बघा, तिथे घरं बांधायला २०१७ ला लोकांनी मेझर ए हा मतदानाचा ठराव पाडून नाही म्हटलं, गोल्फ कोर्स बंद पडला, गवत वाळलं, भांडणं झाली, आणि २०२० ला मेझर पी ला होकार दिला, १६० घरं आणि उरलेली बरीचशी जागा मोकळी. मी पहिल्यांदा नाही आणि दुसऱ्यांदा हो असं मत दिलं. वाळलेलं गवत रोज बघून माणूस बदलतो.

सरळ_बोलतो
काका, ही एफएफची आरती मला कधीच पटली नाही. ज्यांनी १९८८ च्या आधी घरं घेतली त्यांनी दार लावून घेतलं आणि वर 'निसर्ग' अशी पाटी लावली. शाळेतली शिक्षिका टेमेक्युलाहून गाडी चालवत येते, कारण ग्रामीण झोनमध्ये एकराच्या खाली प्लॉट पाडायचा नाही. कुणाच्या दोन घोड्यांना जेवढी जागा आहे तेवढ्यात बारा कुटुंबं राहिली असती.

जुना_पाउवेकर
मुद्दा आहे, नाही म्हणत नाही. पण त्या बारा कुटुंबांना २००७ साली एकाच रस्त्याने बाहेर काढायचं असतं तर काय झालं असतं तेही बघा. त्यावर नंतर लिहितो, आत्ता नातीला आणायचंय.

खरारा
ताई, मी फलटणकडचा. आजोबांकडे टांगा होता आणि घरी कायम एखादं तट्टू. त्यामुळे माझं ऐका, जागेचा विचार बाजूला ठेवून जनावराचा करा. लहानपणी ऐकलेलं कोडं आठवतंय ना, भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. कोडं म्हणून सोडून देतो आपण, पण घोडा खरंच अडतो. शनिवार-रविवार पाऊण तास बसायचं आणि बाकी पाच दिवस तो स्टॉलमध्ये उभा, असं केलं तर तो लाकूड कुरतडतो, डुलत बसतो, आणि सहाव्या दिवशी पोरीला पाडतो. त्याचा दोष नसतो.

दुसरं, एकटं घोडं ठेवू नका. कळपाचं जनावर आहे, एकटं झुरतं. म्हणजे हिशोब कायम दोनाचा धरा. आजोबा म्हणायचे घोडा ठेवायचा तर मोतद्दार ठेवायची ऐपत हवी, नाहीतर स्वतः मोतद्दार व्हायची तयारी. सकाळ-संध्याकाळ खरारा, खूर साफ, चंदी, पाणी, लीद. दिवाळीतसुद्धा. तुम्ही भारतात तीन आठवडे जाणार तेव्हा कोण?

शेंगदाणा
खरारा, तुझा आयडी आज सार्थकी लागला.

बार्नवाली_मावशी
अगं पवईकरीण, मी रॅमोनाच्या रस्त्याला एका मोठ्या बार्नवर आठवड्यातून चार दिवस काम करते, नोकरी सोडल्यापासून. वरच्या खरारादादांचं सगळं बरोबर, त्यात आकडे घाल. साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा रोज सात ते दहा किलो सुकं गवत खातो, तिशी-चाळिशी लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात जास्त, आणि रोज वीस-बावीस किलो लीद टाकतो. वर्षाला एका घोड्याची आठ टन झाली. दोनाची सोळा. शेंगदाण्याने चेष्टा केली पण पहिला प्रश्न त्याचाच योग्य आहे.

नाल बसवणारा इथे फॅरियर म्हणतात, आपला नालबंद, दर सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, नाल नसली तरी खूर घासायला. वर्षातून एकदा दात घासणारा. लस, जंताचं औषध. हे सगळं ठरलेलं, आजारपण वेगळं. आणि आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे वाळूचा पोटशूळ. इकडची माती सगळी भुसभुशीत ग्रॅनाइटची, गवत जमिनीवर टाकलं की घोडा गवताबरोबर वाळू गिळतो, ती पोटात साठते, मग एक दिवस लोळायला लागतो आणि सगळ्यांची पळापळ. म्हणून रबरी मॅटवर नाहीतर टबात खायला द्यायचं, आणि महिन्यातून काही दिवस सिलियम. सिलियम म्हणजे काय माहितेय? इसबगोल. आमच्या बार्नवर बादलीभर येतं. पहिल्यांदा वास आला तेव्हा मला माझे सासरे आठवले.

शेंगदाणा
मावशी, हसून चहा सांडला.

पवईकरीण
बाप रे, सोळा टन. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणे कंपोस्ट करू, विकू. मी म्हटलं आधी तू घरातला कचरा मंगळवारी वेळेवर बाहेर ठेव.

प्रश्न दोन. लिस्टिंगमध्ये 'हॉर्स प्रॉपर्टी' असं लिहिलंय म्हणजे परवानगी असतेच ना? आणि ट्रेल कुंपणाला लागून आहे ही चांगली गोष्ट की वाईट?

एस्क्रो_झालेला
इथे मी बोलू शकतो कारण नुकताच होरपळलोय. लिस्टिंगमध्ये एजंट काहीही लिहितो. पार्सल नंबर घेऊन सिटी हॉलच्या प्लॅनिंग काउंटरला जा आणि विचारा की झोन कुठला, आरआर-ए, बी, सी (म्हणजे ग्रामीण वस्तीचे झोन) की दुसरा काही, त्यात किती मोठी जनावरं चालतात, आणि तबेला शेजारच्या घरापासून किती लांब हवा. आणि आत्ता उभा असलेला तबेला परमिटचा आहे का तेही बघा, आमचा नव्हता, आधीच्या मालकाने सुट्टीत स्वतः ठोकलेला, तो आम्हाला पाडावा लागला.

ट्रेलचं म्हणाल तर टायटल रिपोर्टमध्ये ईझमेंट बघा. इथले बरेच ट्रेल खाजगी जागेतून जातात, म्हणजे जमीन तुमची, टॅक्स तुमचा, पण त्या पट्ट्यावरून लोक आणि घोडे जाणार, तिथे कुंपण घालता येत नाही. बहुतेक लोक चांगले असतात. घोडा दिसला की सायकलवाला थांबतो, चालणारा बाजूला होऊन 'हाय' म्हणतो. हे हाय म्हणणं मुद्दाम असतं, आवाज ऐकला की घोड्याला कळतं की झुडपात आहे तो माणूस आहे. पण बटाटा-वेफर दगडाच्या (पोटॅटो चिप रॉक, वेफरसारखा पातळ पुढे आलेला खडक) वाटेवर शनिवारी फोटोसाठी जी रांग लागते तिथले काही जण चुकून तुमच्या दारात येतील, तो एक ताप.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दीड एकरात सपाट किती? पाउवेला अर्धी जागा उतार असते. उतारावर घोडा ठेवता येत नाही, नुसतं गवत कापावं लागतं. टेप घेऊन जा. शिवाय गटार सिटीचं की सेप्टिक? सेप्टिक असेल तर लीच फील्ड, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायची जागा, कुठे आहे ते नकाशावर बघा, त्यावर घोडे उभे करायचे नसतात, माती दबते आणि मग घाण पाणी वर येतं. हे मला इन्स्पेक्टरने सांगितलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं, आमचं वरातीमागून घोडं. तेही अजून आलेलं नाही.

नॉर्कोजवळचा
मधेच घुसतो. आम्ही ईस्टव्हेलला, तिथून नॉर्को पाच मिनिटं. घोड्यांचं गाव बघायचं असेल तर एकदा याच १५ नंबरच्या फ्रीवेने वर या, रविवारी सकाळी. १९६४ ला शहर झालं, स्वतःला 'हॉर्सटाउन यूएसए' म्हणवतं, आणि ते नुसतं पाटीपुरतं नाही. फुटपाथच्या जागी मातीची पायवाट आणि तिला कठडा, दुकानाबाहेर घोडा बांधायला आडवा दांडा, बर्गर घ्यायला घोड्यावरून येणारी पोरं. बऱ्याच भागात प्लॉट २० हजार चौरस फुटांच्या खाली पाडत नाहीत, म्हणजे अर्धा एकरच्या आसपास, पण जमीन सपाट, सगळी वापरता येते. पाउवेला डोंगर बघायला मिळतो, नॉर्कोला घोडा ठेवायला मिळतो, असं माझं मत, पाउवेकरांनी रागवू नये. अर्थात तुमचं ऑफिस सोरेंटो व्हॅलीत म्हणजे नॉर्को बादच.

सरळ_बोलतो
आणि तिथे गेलात तर घोड्याबरोबर माशाही घ्याव्या लागतात, ते सांगा की.

नॉर्कोजवळचा
माशा आहेत. आंबे चिरायचे ते दार लावून.

जुना_पाउवेकर
आलो. २००७ चं सांगायचं राहिलं होतं.

दसरा नुकताच झालेला, सोनं वाटून झालं होतं, ऑक्टोबरचा तो रविवार. सांता आना वारा सुटला होता, तो कोरडा वाळवंटी वारा ज्यांनी अनुभवलाय त्यांना माहितेय, ओठ फुटतात, दारं आपटतात, कुत्री अस्वस्थ होतात. विच क्रीकला आग लागल्याची बातमी दुपारी होती, पण ते खूप लांब वाटलं. रात्री वास आला. पहाटे फोन वाजला, रेकॉर्डेड मेसेज, निघा.

आमच्याकडे घोडे नव्हते, पण शेजारी एक म्हातारी बाई एकटी राहायची, तिच्याकडे दोन, एक तरणा आणि एक वीस वर्षांची घोडी. ट्रेलर दोन घोड्यांचा. तरणा चढला. घोडी चढेना. आकाश तांबडं, राख उडतेय, ती मागचे पाय रोवून उभी. आम्ही तिघं-चौघं ओढतोय, ढकलतोय, म्हातारी रडत नाही, ओरडत नाही, नुसती तिच्या कानाशी बोलतेय. शेवटी ती म्हणाली, डोळे बांधायला काही आहे का. माझ्या गळ्यात पंचा होता, धुरासाठी ओला करून गुंडाळलेला. तो तिने घोडीच्या डोळ्यांवर बांधला, दोन गोल चकरा मारवल्या म्हणजे दिशा विसरावी, आणि तशीच आत नेली. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं काय असतात ते त्या दिवशी कळलं. खाली रस्त्याला लागलो तर गाड्या गोगलगाईसारख्या. बाया-माणसं क्वालकॉम स्टेडियमवर, घोडे डेल मारच्या फेअरग्राउंडवर. तिथला रेसकोर्सचा तबेला भरून वाहत होता. घोड्यांच्या खुरांवर मार्करने फोन नंबर लिहिलेले, कुणाचा घोडा कुणाकडे गेला तर कळावं म्हणून.

आमचं घर राहिलं, तिचंही राहिलं. वरच्या टेकडीवरची गेली.

पंचा तिने धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला होता. अजून आहे.

आणि सरळ_बोलतो, म्हणून मी म्हटलं की रस्ता किती लोकांना पुरतो ते बघा. २००३ ला सीडर फायर, चार वर्षांनी ही. पवईकरीणताई, घोडा घ्याल त्या दिवसापासून ट्रेलरमध्ये चढायची प्रॅक्टिस करा, दर आठवड्याला, आत खाऊ ठेवून, कारण नसताना. आणि ट्रेलरचं तोंड कायम रस्त्याकडे.

सरळ_बोलतो
वाचलं काका. रस्त्याचा मुद्दा मान्य. घरांचा माझा मुद्दा राहतोच, पण तो वेगळ्या धाग्यावर.

बार्नवाली_मावशी
काका, अंगावर काटा आला. आमच्याकडे प्रत्येक हॉल्टरला पत्र्याची चकती असते नंबरची, आणि चिप. नायलॉनचा हॉल्टर आगीत वितळतो म्हणून चामड्याचा किंवा सुती ठेवायचा, हेही लिहून ठेवा कुणीतरी.

एस्क्रो_झालेला
आगीवरून आठवलं, इन्शुरन्स! ऑफर टाकायच्या आधी कोट घ्या, नंतर नाही. २०२३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात काही मोठमोठ्या कंपन्यांनी नवीन घरांचा विमा उतरवणंच थांबवलं, आणि असं टेकडीला लागलेलं घर तर विशेष अवघड. मला सात ठिकाणी नाही म्हणाले. शेवटी फेअर प्लॅन, म्हणजे कुणीच विमा देत नाही तेव्हाचा कॅलिफोर्नियाचा शेवटचा पर्याय, तो मुख्यतः आगीचं बघतो, मग पाणी, चोरी, कुणी पडलं-झडलं त्यासाठी वरून दुसरी पॉलिसी, आणि तबेला यात धरलाय की नाही तो वेगळा वाद. घराभोवती १०० फूट गवत-झुडपं साफ ठेवायची तो कायदाच आहे, उतारावर ते काम माणूस लावून करावं लागतं. एकच गोष्ट बरी, जुन्या पाउवेत बहुतेक ठिकाणी मेलो-रूस नाही, फोर-एस रँच किंवा डेल सुरला जसा तो जादा टॅक्स लागतो तसा. शाळा डिस्ट्रिक्टही तेच राहतं.

वारा सुटला की वीज कंपनी मुद्दाम लाइट घालवते हेही धरून चाला. गेल्या वेळी आमच्याकडे दोन दिवस नव्हती. विहिरीचा पंप असेल तर घोड्यांना पाणी कुठून? पिंपं भरून ठेवा.

पवईकरीण
मंडळी, रविवारी परत गेलो होतो, टेप घेऊन. एजंट आमच्याकडे असं बघत होता जणू आम्ही तलाठी आहोत.

सपाट जागा निघाली साधारण ६० बाय ४० फूट. आणि सेप्टिकचा नकाशा मागवला तर लीच फील्ड बरोब्बर त्याच्याखाली. तबेल्याचं परमिट सापडत नाही, 'शोधतोय' म्हणाला. इन्शुरन्सचा पहिला नकार दुपारीच आला, दुसरा मंगळवारी. नवरा दोन दिवस गप्प होता, मग स्वतःच म्हणाला आपल्याला घोडा पाहिजे होता का ती संध्याकाळची टेकडी. मी म्हटलं तुला टेकडी, पोरीला घोडा, आणि मला फक्त शेजारच्याची फोडणी नको.

तर घर सोडलं. लेकीला बार्नवरच एक घोडी हाफ लीजवर घेतलीय, सतरा वर्षांची, नाव जिंजर, आठवड्यातून तीन दिवस आपली, उरलेले तीन दिवस दुसऱ्या एका मुलीची, एक दिवस सुट्टी. खूर साफ करणं, खरारा, लीद उचलणं सगळं पोरीनेच करायचं असं ट्रेनरने पहिल्याच दिवशी सांगितलं. पहिल्या आठवड्यात उत्साह, दुसऱ्या आठवड्यात कुरकुर, आता तिसऱ्यात शाळेतून येताना स्वतःच बूट घालून बसते गाडीत. खरारादादा, तिला तुमचं कोडं सांगितलं, तिने ते इंग्रजीत करून बार्नच्या फळ्यावर लिहिलंय, भाकरीला टोर्टिया केलंय.

खरारा
टोर्टिया! आजोबांना कळलं असतं तर खूश झाले असते. सतरा वर्षांची घोडी म्हणजे उत्तम, जाणती आहे. पोरगी तिला नाही शिकवणार, तीच पोरीला शिकवेल.

जुना_पाउवेकर
बरं केलंत. टेकडी बघायला ब्लू स्कायला या, फुकट आहे, संध्याकाळी हरणं दिसतात. उन्हाळ्यात रॅटलस्नेक असतात, हेडफोन घालू नका. शनिवारी ओल्ड पाउवे पार्कला बाजार भरतो, १९०७ च्या वाफेच्या इंजिनाची छोटी गाडीही तिथेच आहे, पण इंजिन कधी चालू असतं ते बघून या.

शेंगदाणा
सगळं छान झालं, आता मुद्द्याचं. त्या बार्नवर कुजलेली लीद फुकट देतात का? माझा कढीपत्ता दोन वर्षं रुसलाय.

बार्नवाली_मावशी
देतात रे, बहुतेक बार्न हात जोडून देतात. पण ताजी घालू नकोस, मुळं जळतात, तळातली काळी झालेली घे. आणि कढीपत्ता जोरात आला म्हणून त्याची रोपं इकडेतिकडे वाटत सुटू नकोस, लिंबाच्या रोगाची कीड त्याच्यावरही बसते, क्वारंटाइन आहे आपल्याकडे.

पवईकरीण
विचारलं मी. शनिवारी सकाळी सातला मागच्या गेटपाशी ये, आम्ही असू. पोती आणि फावडं तुझं.